बरं झाल्याची साक्ष

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटं झाली तरी चार नंबरची खुर्ची रिकामीच होती. यंत्र धुऊन झालं होतं, नळ्या भरून झाल्या होत्या, चादर बदलली होती. माणूस तेवढा नव्हता. आमच्या विभागात रिकाम्या खुर्चीचे दोनच अर्थ होतात. माणूस गावाला गेला, नाहीतर गेला. ज्यांची मूत्रपिंडं कामातून गेली आहेत त्यांचं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडायचं, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, हे माझं काम. बावीस वर्षं करते आहे. पोरंबाळं झाली नाहीत, नवरा लवकर गेला, तेव्हा ही सहा यंत्रं आणि त्यांना जोडलेली माणसं हाच माझा प्रपंच. मास्तर त्यातले सगळ्यांत नेमाचे. शिवणकाम करायचे, म्हणून आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. मीही तेच म्हणायची, कारण ते आमच्याच चर्चचे आणि माझे पडदे, परकर, उशांचे अभ्रे गेली दहा वर्षं त्यांच्याच हातचे. रक्त घेता यावं म्हणून अशा रुग्णांच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रिया करून एकमेकींना जोडतात. तिथं बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. मास्तर डावा हात पुढं करून म्हणायचे, "बघा ताई, माझी मशीन चालूच आहे. पायानं मारावीसुद्धा लागत नाही." दर खेपेला हाच विनोद, आणि दर खेपेला मी हसायची.

साडेसातला मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, उचलला आणि अशा हळू आवाजात बोलल्या की जणू शेजारच्या खोलीत तान्हं मूल झोपलं आहे. "ताई, ते येणार नाहीत आता. बरे झालेत ते." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काल सभेत बंधूंनी सांगितलं. प्रभूनं त्यांना दाखवलं म्हणे, दोन्ही मूत्रपिंडं नवी झालेली. यांनी उभं राहून साक्ष दिली सगळ्यांपुढं. तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं, तुम्हाला तर पहिलं कळलं असेल." त्या शेवटच्या वाक्यात खोच नव्हती. वहिनींच्या बोलण्यात कधीच नसते. मी फोन खाली ठेवला. ज्यांना सगळे बंधू म्हणतात तो माझा धाकटा भाऊ. मी त्याला चिमण म्हणते. त्याला चिमण म्हणणारं आता जगात माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी स्वतः फोन केला, रागावले, समजावलं. मास्तर म्हणाले, मी शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं येत नाही. डॉक्टरांनी नोंद केली आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी चार नंबरचं यंत्र बंद केलं. भरलेल्या नळ्या फेकून द्याव्या लागतात, त्या फेकल्या. उरलेल्या पाच जणांच्या सुया लावल्या, वजनं लिहिली, कुणाच्या पायाला गोळा आला तो चोळून दिला. हात आपलं काम करत होते आणि डोकं भलतीकडेच होतं. मी चिमणच्या सभेला तीनदा गेले होते. पहिल्या खेपेला गुडघ्यानं अधू झालेली एक म्हातारी काठी टाकून चार पावलं चालली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी मला बाजारात दिसली. काठी टेकत चालली होती. मला बघताच तिनं काठी पदराआड लपवली. एवढी मोठी काठी पदराआड लपते होय? पण तिनं लपवली आणि मीही न पाहिल्यासारखं केलं. त्यानंतर चिमणनं सभेला बोलावलं की मी म्हणायची, अरे, कामाची पाळी बदलली आहे, जमणार नाही. बहीण म्हणून बोलायला हवं होतं तेव्हा मी अशी पाळ्यांची कारणं सांगत बसले. त्याला वाईट वाटेल, एवढाच माझा विचार. तो लहान होता तेव्हापासून मला त्याचं रडकं तोंड बघवत नाही.

आई आजारी पडली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तो सातचा. वडील फिरतीच्या नोकरीत, महिन्यातून आठ दिवस घरी. आईचं पोट आधी फुगलं, मग ती पिवळी पडली, मग नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ येऊन जायची. बाकी सगळं मीच. आई गेल्यावर त्याच्या शाळेचे मोजे, त्याची दुखरी दाढ, त्याची गणितं, अंधाराची त्याची भीती, सगळं माझ्या वाट्याला आलं. गणितात तो यथातथाच, पण वाचायला उभा राहिला की माणसं हातातलं काम थांबवायची. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन त्याच्याकडे असायचं. बारा वर्षांचं पोर, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारे ताठ बसत. मी त्याच्याकडून घरी चार-चार वेळा वाचून घ्यायची. इथं थांब. इथं श्वास घे. इथं वर बघ, लोकांच्या डोळ्यांत बघ. हे सगळं मी शिकवलं. पुढं तो विमा कार्यालयात कारकून झाला, त्याचं लग्न ठरता ठरता मोडलं, मग एका आजारपणात महिनाभर घरी पडून होता. त्यातून उठला तो वेगळाच होऊन उठला. नोकरी सोडली. फर्निचरच्या दुकानावरची माडी सभेसाठी घेतली. आधी नऊ माणसं यायची, आता दीडशे येतात. लोक म्हणतात, त्याला वर्गण्यांचा मोह नाही, आणि ते खरं आहे. तो अजून दोनच शर्ट आलटून पालटून घालतो. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन वाजता पाळी संपली तशी मी गणवेशावरच तिकडे गेले. जिन्यात पॉलिशचा वास कोंडला होता. खालच्या दुकानात कपाटं ओळीनं उभी, सगळ्यांची दारं उघडी. वर चिमण एकटाच होता. बाह्या दुमडून खुर्च्या मांडत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. तसा उजळला म्हणूनच मला पुढचं जड गेलं. मी बोलता बोलता खुर्च्या मांडू लागले, कारण समोरासमोर बसले असते तर माझा आवाज चढला असता, आणि मला भांडायचं नव्हतं. मला माणूस वाचवायचा होता.

"मास्तर आज आले नाहीत," मी म्हटलं.

"कशाला येतील? ताई, तू असायला हवी होतीस काल. मास्तर लहान मुलासारखे रडत होते."

"शुक्रवारी यंत्रावर होते, त्यानंतर नाहीत. बुधवारपर्यंत पाय सुजतील. शुक्रवारपर्यंत त्यांना उताणं झोपणं अशक्य होईल. पुढचं तुला सांगायला नको."

"देवाला अशक्य काय आहे?"

"काहीच नाही. माझाही विश्वास आहे, चिमण, तुझ्याइतकाच. रोज सकाळी सुई टोचण्याआधी मी मनात प्रत्येकासाठी प्रार्थना करते. मास्तरांना प्रभूनं बरं केलं असेल तर मी नाचेन. पण बरं झालं असेल तर ते बोटभर रक्तात दिसेल. तू स्वतः त्यांना घेऊन ये. तपासू या. प्रभूनंही कुष्ठरोग्यांना बरं केल्यावर याजकाकडे धाडलंच होतं ना, दाखवून या म्हणून? खऱ्याला तपासणीचं भय नसतं."

तो खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "तपासायचं म्हणजे देवाची परीक्षा बघायची. मी तसं करणार नाही."

"देवाची नाही रे, तुझी. तुला जे दिसलं ते खरंच त्यानं दाखवलं का, एवढंच."

मी हे शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं. तरी त्याचं तोंड उतरलं. खाली दुकानात कुणीतरी कपाटाची दारं एकामागून एक लावत होतं. मग तो म्हणाला, "आईच्या वेळी तूच मला सांगितलं होतंस, ताई. मन लावून प्रार्थना कर, मध्ये थांबू नकोस, मग आई उठून बसेल. मी तीन दिवस टेबलाखाली बसून होतो. आठवतं तुला? तिसऱ्या दिवशी दुपारी मला झोप लागली." तो हसला, पण ते हसू कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. "उठलो तेव्हा घरात माणसं भरलेली. तेव्हापासून मी झोपलेलो नाही, असंच समज."

माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मला आठवत नव्हतं. मग आठवलं. तो सारखा माझ्या परकराला झोंबत होता, आई कधी उठेल, आई कधी उठेल, आणि मला चादर बदलायची होती. चादरीवर जे होतं ते त्यानं बघू नये असं मला वाटत होतं. तोंडात आलं ते मी बोलले आणि त्याला दुसऱ्या खोलीत ढकललं. मी चुलीपाशी, आईपाशी, नळावर, आणि तो टेबलाखाली गुडघे टेकून. चाळीस वर्षं ते वाक्य त्याच्या पोटात तसंच होतं आणि मला पत्ताही नव्हता.

"चिमण, मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. "मला तुला खोलीबाहेर काढायचं होतं. आईचं यकृत संपलं होतं. तू झोपलास म्हणून ती गेली नाही. तू महिनाभर जागा राहिला असतास तरी गेली असती. चूक माझी आहे, मी चौदा वर्षांची होते, तरी माझीच. पण तेच खोटं तू आता मास्तरांना सांगतो आहेस. विश्वास पुरेसा असेल तर जगाल, नसेल तर मराल. प्रभू असा सौदा करत नाही. मरणाच्या आदल्या रात्री त्यानं स्वतः विनवलं होतं, हा पेला माझ्यापासून दूर कर म्हणून, आणि तो पेला त्याला प्यावाच लागला. त्याचा विश्वास कमी होता का?"

मला वाटलं, आता तो खाली बसेल. मी हात पुढं केला होता. पण तो माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला आणि सावकाश म्हणाला, "म्हणजे तुझा विश्वासच नव्हता. मी इकडे प्रार्थना करत होतो आणि तू तिच्या उशाशी बसून अविश्वास धरून होतीस. म्हणून ती गेली." हे त्यानं रागानं म्हटलं नाही. फार दिवसांचं गणित एकदाचं सुटावं तसं म्हटलं. जिन्यावर पावलं वाजली, दुपारच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायका होत्या. त्यानं बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या, आणि त्याचा चेहरा मला माहीत असलेल्या चेहऱ्यातून निघून बंधूंचा झाला. मी जिना उतरले. खाली एका आरशाच्या कपाटात गणवेशातली एक बाई दिसली. ती मीच आहे हे कळायला मला वेळ लागला.

तिथूनच मी मास्तरांकडे गेले. ते शिवत बसले होते. पायात चपला चढत नव्हत्या म्हणून अनवाणी, आणि पावलांवर बोट दाबलं असतं तर खड्डा पडला असता एवढी सूज तेव्हाच आली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. अशा रुग्णांच्या अंगात पाणी साठत जातं, म्हणून तीन वर्षं त्यांची मुलगी त्यांना मापानं पाणी द्यायची. बारा वर्षांची पोर, पण मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही, बापाचंही नाही. आता तो मापाचा पेला फळीवर उपडा पडला होता. "ताई," मास्तर म्हणाले, "काल पोटभर पाणी प्यायलो. तीन वर्षांनी! पाणी गोड असतं हे विसरूनच गेलो होतो." त्यांच्या डोळ्यांत असा आनंद होता की मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, चार दिवस पिऊ दे. असं वाटल्याची लाज अजून जात नाही. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि म्हटलं, मास्तर, उद्या या. एकदाच या. यंत्रावर बसल्यानं विश्वास पळून जात नाही. यंत्र चालवायची बुद्धीही त्यानंच दिली आहे.

"तुम्ही म्हणता ते गोड वाटतं," ते म्हणाले, "आणि गोड वाटतं म्हणूनच भीती वाटते. दीडशे माणसांपुढं मी साक्ष दिली. आता आलो तर प्रभूला खोटं पाडल्यासारखं होईल."

"प्रभू नाही खोटा पडणार. फार तर माझा भाऊ पडेल."

त्यांनी चमकून वर पाहिलं. वहिनींनी हातातलं काम थांबवलं. मुलगी दाराशी उभी होती, ती बापाच्या पावलांकडे बघत होती. मी नेहमीसारखं त्यांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवायला गेले तर त्यांनी हात हळूच मागं घेतला. लहान मुलानं खाऊ लपवावा तसा.

बुधवारी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन पुन्हा चिमणकडे गेले. पाळकसाहेब सत्तरीचे, शांत, भांडणाला भिणारे. रस्त्यात दोनदा म्हणाले, आपला आवाज चढता कामा नये हं. पण वर गेल्यावर तेच नीट बोलले. म्हणाले, "बेटा, प्रभूनं मला कधी काही स्पष्ट ऐकवलं नाही. पंचेचाळीस वर्षं मी अंदाजानं चाललो आहे. तुला इतकं स्पष्ट ऐकू येतं याचा मला हेवा वाटायला हवा, पण मला भीती वाटते. तू मास्तरांना एवढंच सांग की, माझी चूक झाली असेल. 'असेल' म्हण. तेवढं पुरे." चिमणनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. तो गेलाही. वहिनींनी मला नंतर सांगितलं, तासभर गुडघ्यांवर होता, घामानं शर्ट भिजला होता. पण तो 'असेल' त्यानं उच्चारला नाही.

गुरुवार, शुक्रवार मी रोज फोन करत राहिले. शनिवारी सकाळी साडेसहाला वहिनींचा आला. "ताई, ते या म्हणतायत. तुम्हाला या म्हणतायत." गाडीतून आणलं तेव्हा मास्तर बसूनच होते, कारण आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर, श्वास फुटलेल्या भात्यासारखा. डॉक्टर धावले, औषधं टोचली, हृदयाच्या तारा लावल्या. मी चार नंबरचं यंत्र कधीच तयार करून ठेवलं होतं, सोमवारपासून रोज करत होते. डावा हात मी माझ्या मांडीवर घेतला, आणि या वेळी त्यांनी तो मागं घेतला नाही. तोंडावरची प्राणवायूची नळी जराशी सरकवून म्हणाले, "ताई, मी हरलो का?"

"नाही, मास्तर. हरायला ही शर्यत नव्हतीच."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी की नुसतीच, ते मला आजही ठरवता येत नाही. मी सुई हातात घेतली. डाव्या हाताची दोन बोटं त्या जागेवर होती. खाली घरघर चालू होती, जोरात, अडखळत, मग पुन्हा जोरात. आणि मग ती थांबली. डॉक्टरांच्या पडद्यावर रेघ नंतर दिसली. मला आधी कळलं होतं. पाऊण तास त्यांनी छाती दाबली. मी बोटं काढली नाहीत. माझ्या हातून सुई कुणी घेतली तेही आठवत नाही.

सोमवारी दफन झालं. चिमण आला, त्याची माणसंही आली, निम्म्याहून अधिक गर्दी त्यांचीच होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मग वहिनींनीच मान वळवून म्हटलं, बंधूंनी दोन शब्द बोलावेत. मला वाटतं, त्यांना अजून आशा होती, की या सगळ्याचा काही अर्थ तो सांगेल. चिमण पुढं झाला. रंग उडालेला, दाढी वाढलेली. त्यानं वर बघितलं, लोकांच्या डोळ्यांत बघितलं, श्वास घेतला, आणि म्हणाला, "आपल्या मास्तरांनी शुक्रवारपर्यंत धीर धरला होता." एवढंच म्हणून थांबला. त्या थांबण्यात बाकीचं सगळं होतं. माणसं माना हलवू लागली. वहिनींचा चेहरा मी बघितला. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शनिवारी सकाळी फोन त्यांनीच लावला होता.

"थांब, चिमण," मी म्हटलं.

मला सभेत बोलता येत नाही. मी म्हटलं, "मास्तरांचा विश्वास कमी पडला नाही. वहिनींचाही नाही. माझ्या बघण्यात त्यांच्याइतका धरून राहिलेला माणूस नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते प्रभूचं बोलणं नव्हतं. ते त्याच्या नावानं सांगितलं गेलं, हे जास्त वाईट झालं. हा माझा भाऊ आहे. मी त्याला वाढवलं, बोलायला मी शिकवलं, आणि मला आधी दिसलं होतं तेव्हा मी गप्प बसले. म्हणून हे मीच बोलायला हवं. तुमच्यापैकी कुणी औषधं बंद केली असतील तर आज घरी जाऊन सुरू करा. कृपा करून करा." मला आणखी काही म्हणायचं होतं, पण रडू आलं. मागून कुणीतरी "लाज नाही वाटत, सख्खा भाऊ" असं म्हणालं. ती काठीवाली म्हातारी गर्दीत होती. ती काठी टेकत टेकत, सगळ्यांना दिसेल अशी, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. चिमणनं कुणाकडेच बघितलं नाही. माती टाकण्याआधीच तो निघून गेला.

सभा बंद पडली नाही. दीडशेची साठ झाली, मग चाळीस. कुणी मला रस्त्यात बघून तोंड फिरवायचं, कुणी विभागाच्या दाराशी येऊन हळूच विचारायचं, साखरेची गोळी पुन्हा सुरू केली तर चालेल ना? चार नंबरवर एक नवीन बाई आल्या, त्या सुईला भिऊन डोळे मिटायच्या. चिमण सहा आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी डबा करून त्याच्या दाराशी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा, घासलेला डबा तिथंच असायचा. रिकामा आहे म्हणजे जेवतो आहे, एवढं मला पुरायचं. मग एका मंगळवारी दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, मी नळ्या लावत असताना तो येऊन उभा राहिला. त्याच्या गळ्याची हाडं दिसत होती. विभागात तो कधी आला नव्हता. यंत्रांकडे, त्या रिकाम्या खुर्च्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"त्या रविवारी मला काही दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "डोळे मिटले. शांत होतं सगळं. मास्तर समोर उभे होते, हात जोडून, आणि लोक वाट बघत होते. एवढी शांतता मला सहन होत नाही, ताई. टेबलाखाली होती तसलीच. मग मी बोललो. बोलल्यावर वाटलं, दिसलंच होतं."

किती दिवस मी याची वाट बघत होते. आणि आता मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही. हातमोजे काढले आणि म्हटलं, "हे मला सांगून काय उपयोग? जिला सांगायला हवं तिला सांग."

"तू येशील?"

"येईन. पण बोलायचं तू."

वहिनींनी दार उघडलं. त्या आता मास्तरांच्याच मशीनवर बसायला लागल्या होत्या, खांद्यावर मोजायची पट्टी होती. चिमणनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, एकही शब्द सजवला नाही. त्याचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. माझ्यापर्यंतसुद्धा नीट येत नव्हता. वहिनी ऐकत राहिल्या. मला वाटलं, त्या दार लावतील. लावलं असतं तर मी त्यांना काही म्हटलं नसतं. त्या म्हणाल्या, "आत या. हे माझ्या पोरीपुढं सांगा. सहा आठवडे झाले, ती रडलेली नाही. खात नाही. काय विचारलं तर नुसती बघते."

मुलगी आतल्या खोलीत जमिनीवर बसून कापडाच्या चिंध्या रंगाप्रमाणे लावत होती. चिमण तिच्यासमोर खाली बसला. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, आता तिला कळेल अशा शब्दांत. मी खोटं बोललो. तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. तुमच्या कुणाचीच नव्हती. ती चिंध्या लावत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मी मनात म्हटलं होतं. बुधवारी, तुम्ही प्रार्थना करत होता तेव्हा. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि मी मनात म्हटलं, बाबा, दवाखान्यात चला. माझ्यामुळंच मोडलं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"तुझ्यामुळं काही मोडलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी या खोलीत बरोबर होतीस ती तू एकटीच."

"मग देव बोलला नव्हता?"

"माझ्याशी नाही. बोलला असेल तर तुझ्याशी बोलला असेल."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मी समजत होते, आता तिला सुटल्यासारखं वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं. "मग मी मोठ्यानं का नाही म्हटलं?" तिनं विचारलं. आईला नाही, चिमणला नाही, मलाच विचारलं, कारण मी त्या दवाखान्यातली. "मोठ्यानं म्हटलं असतं तर ते आले असते. माझं ऐकायचे ते. पाण्याचं माझंच ऐकायचे."

"ते तुझं काम नव्हतं, बाळ," मी म्हटलं. "मोठ्यानं म्हणणं आमचं काम होतं. आम्ही उशिरा म्हटलं."

ती रडायला लागली. आवाज न करता सुरू झालं, मग आवाज आला, मग तो थांबेना. वहिनी खाली बसल्या आणि तिला मांडीवर ओढून घेतलं, एवढी मोठी मुलगी, पाय मांडीबाहेर पसरलेले. चिमण उठून भिंतीशी उभा राहिला. वहिनींनी आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि जाही म्हटलं नाही. आम्ही दोघं भावंडं तिथं उभी राहिलो, तिचं रडणं ऐकत, आणि या खेपेला चिमण काही बोलला नाही.